उकंडरावांचं चाक 'नाही' म्हणतं

मी साखरखेर्ड्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझ्या तोंडाला लगाम नाही. मंजुश्री, माझी बायको, म्हणते, "समोर माणूस आला की तुम्हाला त्याच्या जागी विद्यार्थीच दिसतो." खरंय तिचं. या सवयीपायी मी आजवर दोन मेव्हणे आणि एक हेडमास्तर तोडले, त्याचं मला काडीचंही वाटत नाही. उकंडरावांचं मात्र वाटतं. त्या माणसाकडे जगायला एकच आधार उरला होता, आणि तो मी भर दुपारी, शिकवता शिकवता काढून घेतला.

उकंडराव म्हणजे बसस्टँडजवळचे सायकलवाले. वय सत्तरीचं, अंगानं काटकुळे, बोटं ग्रीसनं कायमची काळी. पुढे टिनाचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, घरात बायको आशाबाई. त्यांच्या नावाचीही एक गोष्ट आहे. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं यांना जन्मल्या जन्मल्या उकंड्यावर, शेणाच्या ढिगावर ठेवलं आणि शेजारणीनं उचलून परत आणून दिलं. टाकलेलं पोर म्हटल्यावर मरण त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, असा हिशेब. पोर जगलं. मरणाला चकवता येतं, हे त्यांच्या मनात तेव्हापासूनच बसलेलं असणार.

हात मात्र सोन्याचा. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढावा तर त्यांनीच. वाकडं झालेलं चाक समोर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि एकेक तार नखानं छेडत जायचे. कुठली ढिली, कुठली जास्त कसलेली, ते त्यांच्या कानाला कळायचं. चिखलीपासून लोक चाकं घेऊन यायचे.

लांब जाणाऱ्यांच्या चाकाची त्यांची एक रीत होती. शेतात जायचं, बाजाराला जायचं, तर काही नाही. पण ज्याला सायकलीवर दूर जायचं आहे त्यानं चपला काढून चाकासमोर उभं राहायचं. बोलायचं नाही. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केलेली. उकंडराव पुढच्या चाकाला एक झटका द्यायचे आणि हात मागे घ्यायचे. चाक फिरायचं, मंद व्हायचं, थोडं मागेपुढे हलायचं आणि थांबायचं. हवा भरायचा व्हॉल खाली येऊन थांबला, तर चाक 'हाव' म्हणालं. व्हॉल वर थांबला, तर चाक 'नाही' म्हणालं. मग सगळ्या तारा सोडवून चाक नव्यानं बांधायचं आणि आठ दिवसांनी पुन्हा फिरवायचं. असे तीन डाव. तिन्ही डाव 'नाही' आलं, तर त्या माणसानं सायकलीवर जायचं नाही. विषय संपला.

आता व्हॉल पितळेचा, वजनदार. तो खालीच जाणार. मी याला गुरुत्वाकर्षण म्हणतो, गाव याला कौल म्हणतं. पण वर्षा-दोन वर्षांतून एखादा व्हॉल वर थांबायचा. सुलतानपूरच्या माणिकरावांचा थांबला होता. ते हसले, "चाकाले काय कळते बे," म्हणाले आणि तसेच लोणारच्या रस्त्याला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसलेले सापडले. अंगावर ओरखडा नाही. सायकल स्टँडवर नीट लावलेली, डब्यातली भाकर तशीच, डोळे उघडे आणि नजर पुढच्या चाकावर, असं म्हणतात. माणसाला वीस वर्षांचा मधुमेह होता, हे मात्र कोणी म्हणत नाही.

आणि मग सागर. उकंडरावांचा एकुलता एक मुलगा, बावीस वर्षांचा, बापाच्याच हाताखाली तयार झालेला. तीन वर्षांपूर्वी त्याला सायकलीवर अजिंठ्याला जायचं होतं. स्वतःच सायकल बांधली त्यानं. बापानं रीतीप्रमाणे समोर उभं केलं. पहिल्या डावाला व्हॉल वर. दुसऱ्याला वर. तिसऱ्याला वर. उकंडरावांनी सायकलीला कुलूप घातलं आणि पोराला जीपनं पाठवलं. जाय, पाहून ये, पन चाकावर नाई. धाडच्या पुढे एका वळणावर जीप नाल्यात गेली. आत अकरा जण होते. दहा जण हातपाय मोडून वाचले. सागर जागेवर गेला.

सगळं गाव म्हणालं, चाकाले माहीत होतं. उकंडरावांनी तेच घट्ट धरून ठेवलं. चाकाला पोराचं मरण दिसलं, त्यानं सांगितलं, मी बाप म्हणून अडवलं, मरण रस्ता बदलून आलं, त्याले मी काय करू? "मी अडवलं व्हतं गुरुजी," हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. त्या एका वाक्याच्या बळावर ते रोज सकाळी उठून दुकान उघडायचे. हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून मी जे केलं ते केलं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मला सायकलीवर सांचीला जायचं होतं. स्तूप लहानपणापासून आमच्या घरातल्या कॅलेंडरवर पाहत आलो, म्हटलं एकदा पाय चालवत जाऊन बघू. चिखली, बुलडाणा, राजूरचा घाट उतरून मलकापूर, बऱ्हाणपूर, खंडवा आणि पुढे. पाचशे किलोमीटरच्या घरात. महिनाभर मोबाइलवर वाचून मी भलताच शहाणा झालो होतो.

"काका, सातशे एमएमचं चाक बसवू," मी म्हणालो. "चाक मोठं असलं की माणूस कमी दमतो."

उकंडरावांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "तुमी दमता कायच्यानं गुरुजी, चाकानं का याच्यानं?"

"चेष्टा सोडा."

"बरं. खंडव्याच्या अल्याड ट्यूब फाटली, त सातशेची कोन देईन तुमाले? सव्वीस इंचाची किराण्याच्या दुकानात बी भेटते. लांब जायाचं त गावोगाव भेटते तेच चाक न्यावं. अन् लहान चाकाच्या तारा आखूड, वजन झेलते. सामान किती?"

"पंधरा किलो."

"अन् तुमी?"

"ब्याऐंशी."

"मंग सव्वीसच. बोलूच नका."

चाकापुरतं त्यांचं ऐकलं. रिमवर मात्र मी अडून बसलो. त्यांचं म्हणणं लोखंडी घ्या, वाकली तर दगडावर ठोकून सरळ होते. मी म्हटलं, लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक धरत नाही, आणि मला एवढं सामान घेऊन घाट उतरायचाय. दुहेरी भिंतीची अल्युमिनियमची पाहिजे, छत्तीस तारांची. ती बांधली तरच मी सायकल घेणार. उकंडराव हातातली तारा कसायची चाबी पुसत राहिले.

"थे रिम मी बांधत नाई आता."

"काऊन?"

"असंच."

म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय, असं मला वाटलं. मी चार दिवस रोज जाऊन डोकं खाल्लं, तेव्हा कुठे कबूल झाले. बांधणी मात्र अशी केली की बघत राहावं. छत्तीसच्या छत्तीस तारा एका सुरात.

पहिल्या डावाला दुपारचे दोन वाजले होते. ऑक्टोबरचं ऊन. तापलेलं छत मधूनच टण्ण करून वाजायचं. समोर शेषरावांचं चहाचं हॉटेल, तिथल्या माणसांना कळलं की गुरुजी उभे राहिले, तशी त्यांची बोलणी थांबली. मी चपला काढल्या. मनात हसत होतो. उकंडरावांनी झटका दिला. चाक सूं करून फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. इतका वेळ, की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. मग ते मंदावलं. व्हॉल वर आला, पुढे गेला, थबकला, परत आला, आणि ऐन माथ्यावर येऊन थांबला.

उकंडरावांनी लगेच तारा सोडवायला घेतल्या. मी समोर जाऊन चहा घेतला, पैसे काढले, तर शेषराव म्हणाले, "राहू द्या."

"उधारी नको मला."

"उधारी नाही गुरुजी. राहू द्या म्हनलं ना." आणि त्यांनी माझ्याकडे बघायचंच टाळलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

गाव असं आपल्याशी गोड वागायला लागलं की फार वाईट. भांडखोर माणूस मी, पण कोणी भांडेचना. मुख्याध्यापकांनी रजेचा अर्ज न वाचता सही केली. भाजीवालीनं वर दोन कांदे टाकले. माझ्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत, देवाधर्माचा कौल मी जन्मात मानलेला नाही. तरीपण वर्गात वीज गेली की पंखा थांबताना त्याचं कुठलं पातं माझ्याकडे येतंय, ते मी बघायला लागलो. एकदा तर बघण्याच्या नादात प्रश्न विचारायचाच विसरलो आणि पोरं माझ्याकडे टकामका पाहत बसली. स्वतःची इतकी चीड आली की विचारू नका.

दुसऱ्या डावाला पुन्हा व्हॉल वर. यावेळी चाक जास्तच हळू थांबलं, किंवा मला तसं वाटलं. घाम माझ्या कानामागून ओघळत होता आणि तळपाय मात्र गार पडले होते. उकंडरावांचे डोळे भरून आले.

"गुरुजी, नका जाऊ," ते म्हणाले. "एक डाव राह्यला, पन मले समजलं. सागरच्या टाइमले बी असंच व्हतं. असाच हळू थांबे."

मला भीती वाटली होती. आणि मला भीती वाटली की राग येतो. आठ दिवसांचा साठलेला राग होता, तो सगळा एकदम बाहेर पडला.

"अहो काय समजलं? काय समजलं तुम्हाला? ही रिम कशी बनते माहीत आहे का? सरळ पट्टी गोल वाकवतात आणि टोकं जोडतात. तुमच्या लोखंडी रिमची टोकं वितळवून जोडतात, त्याला वजन नसतं. हिच्यात आतून अल्युमिनियमचा तुकडा ठोकतात. तो कुठं असतो? बरोब्बर व्हॉलच्या समोर! तुकडा व्हॉलपेक्षा जड. जड बाजू खाली जाणार, मग व्हॉल वर राहणार नाही तर काय करणार? शंभरदा सोडवा, शंभरदा बांधा. या जातीच्या प्रत्येक रिमचा व्हॉल वरच थांबणार. माणूस सांचीला जाऊ द्या नाही तर संडासला जाऊ द्या!"

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला फळा लागतो ना! मी तिथली फडक्याची चिंधी उचलली, तारांच्या टोकाला लावायची मूठभर निपलं डब्यातून घेऊन तिच्यात बांधली आणि ती पुरचुंडी व्हॉलजवळच्या तारेला घट्ट बांधली. चाकाला झटका दिला. दोन झोके खाऊन व्हॉल खाली येऊन उभा राहिला.

"हे बघा," मी ओरडलो, "म्हणालं हाव! इतकंच आहे ते!"

शेषरावांच्या हॉटेलात कोणीतरी हसलं. मीही हसलो. उकंडराव पुरचुंडीकडे पाहत होते.

"या जातीच्या परतेक रिमचा?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येक."

"मंग सागरच्या बी."

माझं हसू तोंडातच राहिलं. आत्ता, या क्षणाला, मला कळलं मी काय बोलून बसलो होतो. चाकाला काही माहीत नव्हतं, तर मग त्या पोराला जीपमध्ये कशासाठी बसवलं?

"काका, त्याची रिम वेगळी असेल," मी घाईघाईनं म्हणालो. "कंपन्या निरनिराळ्या असतात. सगळ्यांना असा जोड नसतो."

"हेच रिम व्हतं. म्हून त मी बांधत नव्हतो." ते उठले आणि दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गेले. पोत्यांखालून त्यांनी एक सायकल ओढून काढली. तीन वर्षांची धूळ, टायर बसलेले. त्यांनी पंप घेऊन हवा भरली, सायकल उलटी केली आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मी तर अनवाणीच होतो. त्यांनी अंगठा रिमवरून फिरवत नेला आणि व्हॉलच्या समोर येऊन थांबवला. जोड तिथंच होता.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, माझं विज्ञान चुकू दे. व्हॉल वर थांबू नये, कशानं का होईना, थांबू नये.

त्यांनी झटका दिला. तारांमध्ये अडकवलेला लाल रिफ्लेक्टर ढिला होता, तो दर फेऱ्याला वाजायचा. टक्. टक्. टक्. समोरच्या हॉटेलातही आता कोणी हसत नव्हतं. चाकाचा वेग उतरला, टक् लांबला. व्हॉल वर चढला, माथ्यापर्यंत पोचला नाही, मागे फिरला, आणि खाली जाऊन स्थिर झाला.

खाली. जोड वर, व्हॉल खाली. नुकतंच मी हेच मागितलं होतं, आणि आता मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"पाह्या!" उकंडरावांचा चेहरा उजळला. त्यांनी माझा दंड इतका गच्च धरला की दुखलं. "पाह्या गुरुजी! तवा तीनही डाव वर थांबला, अन् आता खाली. काऊन? आता जायाले कोनी राह्यलंच नाई, म्हून! त्याले समजे. चाकाले समजे. मी अडवलं व्हतं!"

मी मान हलवली. हो म्हणालो. खोटं बोलायची वेळ आली तर मी बोलेन असं मला कधी वाटलं नव्हतं, पण मी म्हणालो, "तुमचं खरं काका, माझंच चुकलं."

ते पुन्हा चाकाकडे वळले. त्याच्यावरून मायेनं हात फिरवत होते. हात फिरता फिरता रिफ्लेक्टरपाशी आला आणि तिथं थांबला.

"हा इथं नव्हता," ते म्हणाले.

रिफ्लेक्टर व्हॉलच्या अगदी शेजारी लावलेला होता. त्यांनी तो नखानं बाजूला केला. त्याच्या मागे, दोन तारांभोवती, शिशाची जाड तार गुंडाळलेली होती. वेढ्याला वेढा लागून, कुठे फट नाही, टोक आत दाबून टाकलेलं. मी बांधलेल्या त्या गबाळ्या पुरचुंडीपेक्षा कितीतरी सफाईदार काम. असं काम गावात दोनच हातांचं होतं, आणि त्यातला एक हात समोर रिफ्लेक्टर धरून होता.

"त्याले माहीत व्हतं," उकंडराव म्हणाले. त्यांचा आवाज मला ऐकूच आला नाही नीट, ओठांवरून कळलं. मग ते खाली, जमिनीवर बसले.

"जायाच्या दिवशी सकाळी सायकलीपाशी बसला व्हता. मी म्हनलं, काय करून राह्यला, जीप आली. त म्हने, बाबा, एक डाव अजून फिरवा ना. हसत व्हता. मी म्हनलं, तीन डाव झाले. तीनच असते. त म्हने, फिरवा त खरं, मग मी तुमाले एक गंमत सांगतो." ते थांबले. "मी नाई फिरवलं. मी त्याले दंडाले धरून जीपमधी बसवलं."

मी त्यांच्याजवळ बसलो आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही. ठेवूनही घेतला नाही. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. बसल्या बसल्या त्यांनी हात वर केला आणि चाकाला झटका दिला. टक्. टक्. टक्. व्हॉल खाली. पुन्हा झटका. पुन्हा खाली.

तेवढ्यात मागच्या घरातून खाटेची करकर ऐकू आली. आशाबाई दुपारच्या झोपेतून उठल्या होत्या. त्यांची पावलं घाईघाईनं दाराशी आली, आणि दार उघडायच्या आधीच त्यांचा आवाज आला, झोपेनं जड झालेला आणि आनंदी.

"आहो, सागरच्या सायकलीचा आवाज येऊन राह्यला. आला का?"

मी डोळे मिटून घेतले. उकंडरावांनी चाक हातानं धरून थांबवलं.

"नाई व," ते म्हणाले. "एक डाव फिरवा म्हने ना सागर, थो फिरवून राह्यलो."